रस्त्याचा पावसाळा कधी संपतो?

डिसेंबरात आमच्या घरासमोर नळाची पाइप घालायला रस्ता खणला. डिचोली तालुक्यातला गावातलाच रस्ता, पण खाणीचे टिप्पर याच वाटेने जातात. संध्याकाळी कामगार गेल्यावर मी चराच्या कडेला उकिडवा बसलो आणि अंधार पडेपर्यंत बघत राहिलो. सिव्हिल शिकलेल्या माणसाला रस्त्याचा असा उभा छेद रोज बघायला मिळत नाही. सगळ्यांत वर नवा काळा थर, बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याखाली जुना काळा थर. त्याच्याही खाली आणखी एक, पण तो काळा राहिला नव्हता, राखाडी झाला होता. नखाने कोरलं तर त्यातली खडी सुटी होऊन हातात आली, म्हणजे डांबराने दगडाची पकड कधीच सोडली होती. मग वीतभर खडी आणि तिच्या खाली आपली लाल जांभी माती.

त्या खडीत बोटं खुपसली तर ती ओली लागली. दगडांना लाल चिखलाचा लेप बसला होता. शेजारचे तात्या काठी टेकत आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, पाऊस जाऊन दोन महिने झाले. ही ओल कुठली?"

मी अंदाजाने काहीतरी उत्तर दिलं. पण हा प्रश्न अंदाजावर सोडायची गरज नाही. रस्ता बांधतानाच त्याच्या पोटात सेन्सर पुरून ठेवले तर ओल किती, कुठून आली, कधी गेली आणि ती असताना वरून गेलेल्या टिप्परने किती नुकसान केलं, हे सगळं मोजता येतं. माणसाच्या छातीला ईसीजीच्या तारा लावतात तसंच हे, फक्त तारा कायमच्या आत राहतात. हे तंत्र काय आहे आणि गोव्यात त्याचा खरा उपयोग कुठे आहे, ते इथे समजावून सांगतो.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. त्यानंतर पणजीला पोहोचायला फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिलेले लोक अजून त्या दिवसांबद्दल बोलतात. पूल एका क्षणात पडतो, म्हणून पुलाची भीती वाटते आणि त्याची तपासणी होते. रस्ता एका क्षणात पडत नाही. तो आतून थोडा थोडा खचत जातो आणि आपल्याला दिसतो तो शेवटी पडलेला खड्डा. खड्डा बुजवणं म्हणजे ताप उतरवायची गोळी. ती द्यावीच लागते, माणसं स्कूटरवरून पडून मरतात. पण ताप कशाने आला ते खाली आहे.

डांबरी रस्ता वरून एकसंध दिसतो, तरी तो थरांचा असतो. सर्वांत खाली दाबून बसवलेली माती, तिला सबग्रेड म्हणतात. तिच्यावर पाणी निचरून जावं म्हणून जाड्याभरड्या खडीचा थर, म्हणजे जीएसबी. त्यावर नीट प्रमाणात मिसळलेली, पाणी मारून दाबलेली खडी, म्हणजे डब्ल्यूएमएम. त्यावर डांबरमिश्रित जाड थर आणि सगळ्यांत वर ज्याला आपण नुसतं हॉटमिक्स म्हणतो तो झिजण्यासाठी केलेला पातळ थर. चाकाचं ओझं टायरखाली तळहातभर जागेवर पडतं. प्रत्येक थर ते थोडं थोडं पसरवत नेतो आणि मातीपर्यंत पोहोचेतो ते तिला पेलवेल एवढं सौम्य झालेलं असतं. थर बांधायचे ते एवढ्यासाठी.

आता साकव आठवा. पोफळीची दोन खोडं ओहोळावर आडवी टाकलेली असतात आणि त्यावरून माणूस चालत जातो. तो मधोमध आला की खोड वाकतं. खोडाची वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते. असं वर्षानुवर्षं चाललं की खोड तडकतं, आणि पहिली चीर पडते ती खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही. डांबराच्या थराचंही तसंच. प्रत्येक चाकाखाली तो केसभरही नाही एवढा वाकतो, त्याचा तळ ताणला जातो, चाक गेलं की पूर्ववत होतो. लाखो वेळा हे झालं की तळाशी बारीक चीर पडते आणि ती वर सरकत येते. पृष्ठभागावर मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं उमटतं तेव्हा ती चीर बरीच जुनी झालेली असते.

दुसरी नाजूक जागा म्हणजे मातीचा माथा. तिथे ताण नसतो, दाब असतो. माती थोडी थोडी चेपत गेली की रस्त्यावर चाकोरी पडते आणि चाकोरीत पाणी साचतं. आपल्या देशातले डांबरी रस्ते इंडियन रोड्स काँग्रेसच्या ज्या आयआरसी-३७ या मार्गदर्शिकेप्रमाणे आखले जातात, तिच्यातला मुख्य हिशेबही याच दोन जागांचा आहे: डांबराच्या तळाचा ताण आणि मातीच्या माथ्याचा दाब. या दोन्ही जागा वरून दिसत नाहीत, म्हणून तिथे आधीच काहीतरी पुरून ठेवायचं.

पुढे जाण्याआधी वजनाचा हिशेब सांगायलाच हवा, कारण तो कुणालाही पहिल्यांदा ऐकताना खरा वाटत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ, १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवत ठेवले आणि कोणत्या वजनाने रस्ता किती झिजतो ते मोजलं. त्यातून जो नियम निघाला तो आजही जगभर वापरतात. अ‍ॅक्सलवरचं (म्हणजे चाकांच्या आसावरचं) वजन दुप्पट झालं तर झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. दोनाचा चौथा घात. आठ टनांच्या एका अ‍ॅक्सलने जी झीज होते, तेवढी व्हायला अर्ध्या टनाच्या अ‍ॅक्सलची छोटी गाडी पासष्ट हजार वेळा जावी लागेल. म्हणजे रस्त्याच्या हिशेबात आपल्या गाड्या आणि स्कूटर जवळजवळ नसल्यासारख्याच आहेत. रस्ता आखतात तो ट्रकसाठी आणि झिजवतो तोही ट्रकच.

मोजणीसाठी ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा अ‍ॅक्सल हे प्रमाण धरतात. मागच्या अ‍ॅक्सलवर १०.२ टन घेऊन जाणारा टिप्पर एका फेरीत या प्रमाणाच्या जवळजवळ अडीचपट झीज करतो. त्याच अ‍ॅक्सलवर १४ टन लादले तर साडेआठपटीहून जास्त. लोहखनिजाची गंमत अशी की ते फार जड असतं. हौदा अर्धाच भरलेला दिसतो आणि काटा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादाच १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वजनात वाढ तेरा टक्क्यांच्या आत, झिजेत मात्र साठ टक्क्यांच्या आसपास. आधीच्या मर्यादेवर आखलेल्या रस्त्यांना याची कल्पना कुणी दिली नव्हती.

आणि आता पाणी. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीच्या बाजूला त्याहून जास्त. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खडीच्या थराची ताकद कशात असते? दगडाला दगड घासून अडून बसतो, त्यात. पोकळ्यांत पाणी भरलेलं असताना वरून चाक आलं की त्या पाण्याला पळायला जागा आणि वेळ मिळत नाही. पाण्यातला दाब वाढतो, तो दगडांना एकमेकांपासून किंचित उचलून धरतो आणि घासून अडण्याची ताकद तेवढ्या क्षणापुरती कमी होते. वरचा डांबरी थर अशा वेळी जणू मऊ गादीवर ठेवलेला असतो, तो जास्त वाकतो, त्याचा तळ जास्त ताणला जातो. शिवाय दाबाखालचं पाणी बारीक माती घेऊन फटीतून बाहेर येतं. जुलैत टिप्परच्या चाकामागे भेगेतून उडणारी लाल पिचकारी पाहिली असेल. ती रस्त्याच्या पायातली माती असते. माझ्या चरातली राखाडी, डांबर सुटलेली खडी हीसुद्धा याच पाण्याची करणी.

सेन्सर पुरायचे म्हणजे काय

रस्त्यात पुरायची उपकरणं मुख्यतः पाच प्रकारची. डांबराच्या तळाशी ताण मोजणारे स्ट्रेन गेज, मातीच्या माथ्यावर दाब मोजणारी चपटी तबकडी, थराथरात तापमापक, खडीत आणि मातीत ओल मोजणाऱ्या सळ्या, आणि पृष्ठभागालगत जाणाऱ्या प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन चालत्या गाडीत मोजणारी पट्टी. याखेरीजही पुष्कळ आहेत, पण या पाचांत बहुतेक काम होतं. यातल्या दोघांबद्दल सविस्तर सांगतो.

स्ट्रेन गेजचं तत्त्व शाळेतल्या भौतिकशास्त्रातलं आहे. एका पातळ पापुद्र्यावर धातूची नागमोडी तार छापलेली असते. तार ताणली की लांब आणि बारीक होते आणि विजेला तिचा विरोध वाढतो. तो वाढलेला विरोध मोजला की ताण कळला. अडचण आहे ती आकड्यांच्या लहानपणाची. डांबराच्या तळाशी ताण साधारण शंभर ते तीनशे मायक्रोस्ट्रेन असतो. एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे एक किलोमीटर लांबीची वस्तू एक मिलिमीटरने वाढणं. ३५० ओहमच्या तारेत शंभर मायक्रोस्ट्रेनला विरोध बदलतो ०.०७ ओहमने. एवढा फरक पकडायला चार विरोधांची तराजूसारखी जोडणी करतात, तिला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. अलीकडे तारेऐवजी काचेचा तंतूही वापरतात. त्यावर ठरावीक अंतराने अतिसूक्ष्म खुणा केलेल्या असतात. त्या प्रकाशातला एकच ठरावीक रंग परत पाठवतात आणि तंतू ताणला की तो रंग किंचित सरकतो. काचेला गंज चढत नाही आणि विजेच्या लोळाने तो जळत नाही. खाऱ्या हवेत आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात राहणाऱ्या प्रदेशाला हे दोन्ही गुण मोलाचे आहेत.

रस्त्यातला गेज इंग्रजी एच अक्षरासारखा, तळहाताएवढा असतो. मधला दांडा ताण मोजतो आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्या मिश्रणात रुतून त्याला धरून ठेवतात. तो बसवण्याचं काम थांबून बघण्यासारखं असतं. खालचा थर तयार झाला की चाकाच्या वाटेवर नेमकी जागा आखतात. बारीक वाळू आणि डांबराची लगदी पसरून त्यावर गेज सपाट बसवतात, दिशा तपासतात. तार धातूच्या लवचीक नळीतून, लहानशा चरातून, मुद्दाम नागमोडी ठेवून कडेच्या पेटीपर्यंत नेतात. सरळ ताठ ठेवली तर थर दबताना ती तुटते. मग डांबर पसरणारं पेव्हर यंत्र येण्याआधी मिश्रणातले मोठे दगड चाळून काढायचे आणि ते बारीक, दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं मिश्रण हाताने गेजवर घालून लाकडी ठोकळ्याने हळू दाबायचं. त्यानंतर पेव्हर आणि त्यामागे रोलर. पहिली फेरी कंपन बंद ठेवून. या सगळ्या वेळात एक माणूस पेटीजवळ पडद्यावर डोळे लावून बसलेला असतो. गरम डांबर पडलं की रेघ उसळते, रोलर गेला की थरथरते. एखादी रेघ अचानक सपाट होऊन पडली की तो गेज गेला. त्याला आता कुणी परत बाहेर काढू शकत नाही. म्हणून एका जागी एक कधीच पुरत नाहीत, तीन-चार पुरतात.

त्यात आणखी एक मेख आहे. गेज आजूबाजूच्या मिश्रणापेक्षा कडक असला तर तो रस्त्याचा ताण न दाखवता स्वतःचाच दाखवतो, आणि वर पुढची चीर त्याच्यापासूनच सुरू होते. चांगला सेन्सर तो, ज्याचं तिथे असणं रस्त्याच्या लक्षात येत नाही.

ओल मोजणारा सेन्सर मला यापेक्षाही आवडतो, कारण त्याची कल्पना फार सोपी आहे. धातूच्या दोन-तीन सळ्या खडीत किंवा मातीत आडव्या खुपसलेल्या असतात. त्यांच्यावरून विजेचा एक ठोका सोडतात, तो टोकाला आदळून परत येतो. कोरड्या मातीत तो झटकन परततो, ओल्या मातीत उशिरा. विजेच्या भाषेत पाण्याचा एक गुणांक सुमारे ८० आहे आणि कोरड्या मातीचा तीन ते पाच, एवढा फरक. सडकेवर धावणं आणि रोपणीच्या वेळी शेतातल्या गुडघाभर चिखलात धावणं, यात जेवढं अंतर पडेल तसं. ठोक्याला लागलेल्या वेळेवरून मातीत पाणी किती टक्के आहे ते निघतं. हा वेळ सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजायचा असतो, ते आता स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स सहज करतं.

रेघ कशी वाचायची

टिप्पर चाळीस किलोमीटरच्या वेगाने आला तर सेकंदाला अकरा मीटर कापतो. गेजवरचा त्याचा प्रभाव डोळ्याची पापणी लवण्याच्या आत संपतो. म्हणून ताण सेकंदाला हजारेक वेळा मोजतात. ओल आणि तापमान तासाला एकदा मोजलं तरी पुरतं. पडद्यावर टिप्पर असा दिसतो: चाक जवळ येताना रेघ किंचित खाली जाते, कारण पुढचा भाग क्षणभर आक्रसतो. मग ती एकदम वर जाते, तेव्हा चाक नेमकं डोक्यावर असतं. परत किंचित खाली आणि मग जागेवर. पुढच्या अ‍ॅक्सलचा लहान डोंगर, मागच्याचा मोठा डोंगर.

या डोंगराच्या उंचीवरून लगेच निष्कर्ष काढणारा हमखास फसतो. डांबर तापमानाने फार बदलतं. एप्रिलच्या दुपारी पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जातो आणि थर मऊ होतो. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तोच ट्रक, त्याच वजनाचा, त्याच जागेवरून गेला तरी दुपारचा डोंगर कितीतरी उंच येतो. रस्ता सकाळपासून दुपारपर्यंत बिघडलेला नसतो. वजनाचंही तसंच. ताण वाढला, तो रस्ता अशक्त झाल्यामुळे की आज टिप्पर जास्त भरलेला होता म्हणून? शिवाय चालक चाकं रोज त्याच रेघेवरून नेत नाही, वीतभर इकडे-तिकडे होतंच. तेव्हा तापमान, वजन आणि चाकाची जागा या तिन्हींचा हिशेब करून, एकाच वजनाचा ताण एकाच तापमानाला किती, हे काढायचं आणि ते महिनोन्महिने बघायचं. तो आकडा चढत गेला तर खाली काहीतरी सुटत चाललं आहे. भेग वर यायला अजून अवधी असतो आणि नेमका तोच अवधी आपल्याला हवा असतो.

ओलीची रेघ वाचण्यात याहून जास्त मजा आहे. पाऊस पडला आणि तासाभरात वरच्या खडीतली ओल उसळली, तर पाणी वरच्या भेगांतून आलं. उसळी दोन दिवसांनी, सावकाश आणि खालच्या सेन्सरवर आधी दिसली, तर पाणी बाजूच्या गटारातून किंवा डोंगराच्या अंगाने आलं. त्यावर वरून डांबराचं कितीही कार्पेट घाला, उपयोग शून्य. खाजनातून, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल जमिनीतून, जाणाऱ्या रस्त्याच्या भरावात तर भरती-ओहोटीची चाहूलही लागू शकते. साडेबारा तासांच्या आत-बाहेर चढ-उतार करणारी ओल दिसली की समजायचं, खाडीचं पाणी आत येतं आहे. मग बघायचं बांधाकडे आणि मानशीकडे, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराकडे, डांबराकडे नाही.

आणि सगळ्यांत जास्त सांगतो तो उतरणीचा भाग. पाऊस थांबला की निरोगी रस्त्यातली ओल भराभर उतरते, कारण जीएसबीचा थर पाणी कडेला नेऊन सोडतो. ती उतरण आडवी झाली, ओल आठवडाभर, महिनाभर तशीच राहिली, तर निचरा बंद आहे. बहुतेकदा कारण साधं असतं. जीएसबीची तोंडं जिथे उघडी हवीत तिथे रस्त्याकडेला मातीचा ढीग चढलेला असतो, गटार बुजलेलं असतं, किंवा कुणी प्रवेशासाठी काँक्रीट घालून ते बंद केलेलं असतं. आमच्या चरात मी तेच पाहिलं. खडीच्या थराचं पाणी बाहेर पडायची वाट गटाराच्या भिंतीने पूर्ण अडवली होती. भिंत सरळ, नीट, मजबूत बांधलेली, पण पाण्यासाठी तिला एक भोक ठेवलं नव्हतं. रस्ता म्हणजे तळाला भोक नसलेली कुंडी झाली होती. तात्यांची ओल ती ही.

कॉलेजात फर्मागुढीला आम्ही बेंकेलमन बीमने रस्ता मोजला होता. ती पद्धत १९५०च्या दशकातली. वजन भरलेला ट्रक उभा करायचा, मागच्या जोडटायरांच्या फटीत लांब दांड्याचं टोक ठेवायचं, ट्रक पुढे गेला की रस्ता किती वर उसळतो ते डायलवर वाचायचं. मिलिमीटरचे शतांश. आज त्या जागी एफडब्ल्यूडी हे यंत्र येतं. ते वजन आपटतं आणि दूरदूर ठेवलेल्या संवेदकांनी रस्त्याची थरथर मोजतं. दोन्ही चांगली आहेत, लांबच लांब रस्ता तपासू शकतात, आणि पुरलेला सेन्सर ते करू शकत नाही. पण ती ज्या दिवशी येतात त्या दिवसाचंच सांगतात. बेंकेलमन बीमच्या आयआरसी-८१ या मार्गदर्शिकेतली एक गोष्ट मला तेव्हा नुसती परीक्षेपुरती वाटली होती. मोजणी शक्यतो पावसाळा ओसरतानाच्या दिवसांत करा, कारण तेव्हा रस्ता सर्वांत अशक्त असतो. दुसऱ्या ऋतूत केलीत तर आकडा दुरुस्त करून घ्या. म्हणजे आकाशातला पावसाळा संपला तरी रस्त्याचा संपत नाही, हे पुस्तकात केव्हाचं लिहिलेलं आहे. आपल्या अमुक रस्त्याचा तो कोणत्या तारखेला संपतो, हे मात्र पुस्तक सांगू शकत नाही. ते तिथेच मोजावं लागतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अल्बर्टव्हिलजवळ १९९४ पासून एमएनरोड नावाचा चाचणीचा रस्ता आहे. हजारो सेन्सर पुरलेला. तिथली अडचण पावसाची नाही, बर्फाची. हिवाळ्यात रस्त्याखालची माती गोठते. वसंत ऋतूत ती वरून वितळू लागते, पण खालचा भाग अजून गोठलेला असतो, त्यामुळे वितळलेलं पाणी मध्येच अडकून पडतं. ते काही आठवडे रस्ता अत्यंत नाजूक असतो. मग ते राज्य त्या आठवड्यांपुरती जड वाहनांच्या वजनाची मर्यादा खाली आणतं, आणि ती कधी लावायची, कधी उठवायची हे ठरवण्यामागे अशा रस्त्यांवर झालेल्या मोजमापांचा आधार आहे. वाहतूक बंद करत नाहीत. ट्रकात थोडं कमी भरतात, काही आठवडे.

गोव्याला बर्फ नाही, पण ऑक्टोबर आहे. खाणी पावसाळ्यात थांबतात आणि पाऊस सरला की हंगाम सुरू होतो. म्हणजे वर्षातली सर्वांत जड वाहतूक नेमकी तेव्हा सुरू होते, जेव्हा रस्त्याचा पाया वर्षभरात सर्वांत ओला असतो. वरून डांबर कोरडं ठणठणीत दिसतं, ऊन कडक पडतं, आणि खाली वीतभर चिखल. २०१२ आणि २०१८ साली थांबलेला खाण व्यवसाय लिलावांनंतर पुन्हा हळूहळू उभा राहतो आहे आणि त्यावर अनेकांची चूल आहे. आमच्या वाड्यावरही टिप्परवाली घरं आहेत. त्यांचं काम थांबावं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्याच घरासमोरचा रस्ता दर वर्षी फुटतो आणि धूळही त्यांच्याच घरात जाते.

म्हणून मला विचाराल तर गोव्यातल्या प्रत्येक रस्त्यात सेन्सर पुरायचं कारण नाही. पुरलेला सेन्सर एका जागेचं सांगतो, दहा मीटर पलीकडचं नाही. काही वर्षांत त्यातले बरेच बंद पडतात. तारेच्या जोडात पाणी शिरतं, वीज पडते, पुढच्या नळासाठी आलेला जेसीबी केबल तोडतो. पणजी-रायबंदर कॉजवेसारख्या सतराव्या शतकापासून मिठागरांच्या आणि खाजनांच्या मऊ जमिनीवर उभ्या असलेल्या वाटेवर एखादी जागा, उसगाव-धारबांदोड्याकडे एक, सावर्डे-कुडचडे पट्ट्यात एक, साखळी-डिचोलीत एक, घाटाच्या पायथ्याशी एक, एवढं सुरुवातीला पुष्कळ झालं. साबांखा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं, रस्ता नव्याने करायला घेईलच तेव्हा थर उघडे असतात, पुरायची खरी वेळ तीच. पैसे थोडेच असतील तर स्ट्रेन गेजचाही हट्ट नको. एका छेदात चार-पाच खोलींवर ओलीच्या सळ्या, एक तापमापक, आणि वर वजनाची पट्टी. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातली पोरं आणि आयआयटी गोवा, दोघंही एकाच पठारावर आहेत. रेघ वाचायला माणूस लांबून आणावा लागणार नाही. न वाचलेली रेघ आणि न पुरलेला सेन्सर यांत मला फरक दिसत नाही.

आमच्या इथला चर दुसऱ्या दिवशी बुजवला. तीच ओली माती परत आत, वर खडी, वर डांबर. पुढच्या पावसात तिथे आडवा खोलगट पट्टा झाला आणि टिप्पर त्यावर आदळून जाताना आमच्या खिडकीची तावदानं वाजू लागली. दसऱ्याला सगळे टिप्पर धुऊन, चाकांना हळद-कुंकू लावून, पुढे झेंडूचे हार बांधून रांगेत उभे राहिले. त्या दिवशी मी पहारेने कडेची माती थोडी उकरून पाहिली. खडी अजून ओलीच होती. दोन दिवसांनी हंगाम सुरू झाला आणि हार वाळलेले टिप्पर भरून निघाले.